दुर्गा राऊळ, मांजर

— नाही, नाही, बसा तुम्ही, बादली इथे खालीच ठेवा, काही होत नाही. मांजर आहे म्हणून घाबरू नका, तुमच्या कासवाकडे बघण्याइतकंही त्राण त्याच्यात राहिलेलं नाही. अठरा वर्षांचा आहे. हो, अठरा. माणसात धरलं तर नव्वदीच्या घरात. आमच्या चाळीत माणूस म्हणून असता तर एव्हाना सत्कार झाला असता, शाल, श्रीफळ आणि माझं प्रास्ताविक. तर काय सांगत होतो — तो दिवस. मंगळवार होता. काहीही विशेष नसलेला मंगळवार, शाळेला कसलीशी सुट्टी, आणि मी काळाचौकीला चक्कीवर, गव्हाचा डबा घेऊन रांगेत. पुढे पाच-सहा माणसं. आणि या इथल्या डॉक्टरबाईंचा फोन आला, की सर, रक्ताचा रिपोर्ट आलाय, दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आता चक्कीचा आवाज केवढा असतो तुम्हाला माहीत आहे, म्हणून मी ओरडून विचारलं, दोन्ही? दोन्ही किडन्या? आणि चक्कीवाला भला माणूस, सर फोनवर आहेत म्हणून त्यानं नेमका पट्टा बंद केला. त्यामुळे माझं पुढचं वाक्य त्या सगळ्या शांततेत अगदी स्वच्छ ऐकू गेलं — म्हणजे किती दिवस उरलेत, महिना? दोन महिने?

रांगेतल्यांनी मला पुढे जाऊ दिलं. तीस वर्षं त्या चक्कीवर जातोय, आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, शिक्षकांबद्दलचा आदर परत आला. संध्याकाळी घरी बसलोय तर शेजारच्या राधाबाई शहाळं घेऊन दारात. त्यांच्यामागे मंडळाची दोन पोरं — सर, रक्तगट सांगा, आपली पोरं तयार आहेत. आणि एक मयूर म्हणून माझा जुना विद्यार्थी, विज्ञानात दोनदा बसलेला, तो खाली मान घालून म्हणतो, सर, माझी एक घ्या. हसू नका, मीही तेव्हा हसलो नाही. मला कुणी काय बोलतंय तेच कळेना. मग कळलं, तेव्हा मी कॉटखाली बोट दाखवलं. हा तिथे पडलेला, पाय पोटाशी घेऊन. सगळे वाकून बघतायत. मयूर म्हणाला, म्हणजे — याच्या? राधाबाईंनी एकदा शहाळ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्यांनी मला लंगोटापासून बघितलंय. म्हणाल्या, मेल्या, माझो जीव काढलंस. आणि जाताना दारातून वळून — आणलंय तर पी आता.

प्यालो. काय करणार.

याचं नाव सायब. मी नाही ठेवलं, आमच्या हिनं. ही पोस्टात होती, दादरला, काउंटरवर. तिथे मागच्या बाजूला, गोणपाटाच्या ढिगात हा सापडला, मुठीएवढा. घरी आणल्यावर काय करायचा, तर खोलीभर एक चक्कर मारायची, सगळ्यांच्या कामाकडे बघायचं, काहीही न करता कोपऱ्यात जाऊन झोपायचं. ही म्हणाली, हो तर आमचो सायब. झालं नाव. मी विरोधात होतो. मी रीतसर अटी घातल्या होत्या — दहा बाय बाराची खोली, त्यात मुलगी लहान, मांजर स्वयंपाकाच्या ओट्यावर चढणार नाही, मांजर कॉटवर येणार नाही. अठरा वर्षं मी कॉटच्या कडेला झोपतोय. एका कुशीवर. मधोमध हा.

काय म्हणालात? हो, पाणी पितो. पाणी भरपूर पितो, किडनीचं तेच असतं. खात नाही. आणि हे बघा, कानही गेलेत. ते मला कधी कळलं सांगू? दरवर्षी श्रावणात आमच्या गल्लीत ढोलांची तालीम सुरू झाली की हा कपाटामागे. या वर्षी ढोल सुरू झाले आणि हा दारात बसून राहिला, अगदी निवांत. मी चाळीत सांगत सुटलो, सायब म्हातारपणी धीट झाला. चार दिवस सांगत होतो. विज्ञान शिकवतो मी शाळेत, बरं का. ध्वनी, सातवीला.

मग डॉक्टर म्हणाल्या, त्याला आवडतं ते द्या, आता पथ्य नको. आवडतं ते म्हणजे बोंबील. ओले. ही असताना वरळीच्या कोळीवाड्यातली बाई दारावर यायची आणि हिच्या वाट्यावर याचा म्हणून एक बोंबील वेगळा टाकायची. आता आला श्रावण. श्रावणात आमच्या घरात कधी मासा शिजला नाही, आईच्या वेळेपासून नाही. ही तर याचाही श्रावण पाळायची, दूधभातावर ठेवायची, आणि हा महिनाभर आमच्याकडे असा बघायचा जसं काही आम्ही धर्मांतर केलंय. तर मी भर श्रावणात बाजारात, कापडी पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली बोंबील. समोरून पालक येतायत. नमस्कार सर. नमस्कार. पिशवीतून पाणी गळतंय. घरी येऊन खिडक्या लावून उकडले, नुसते, बिनमिठाचे. चाळीत खिडकी लावली म्हणजे वास थांबतो असं वाटणारा मी एकटाच. दुसऱ्या दिवशी जिन्यावर माझ्याकडे बघून आवाज खाली जातायत. बायको गेल्यावर मास्तर सुटला. आणि यानं काय केलं — वाटी हुंगली, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि तोंड फिरवलं. आता ताजे बोंबील, उकडलेले — टाकणार कसे? मला टाकवेनात. मग मीच खाल्ले. मीठ लावून. तेव्हा चाळीतल्या लोकांचं काही चुकलं नाही, ते कळायच्या आधीच बोलले एवढंच. राधाबाई तर —

हो, ऐकलं मी. दुर्गा राऊळ, मांजर. ते शामराव, इथले जुने शिपाई. त्यांची पद्धत आहे ती, केसपेपरवर मालकाचं नाव असतं ते घ्यायचं आणि पुढे जनावर. परवा म्हणाले, गुणाजी कदम, बोकड, आणि तो कदम चांगला सूटबूटवाला माणूस, कसा उठला बिचारा. — असू दे, पुन्हा हाक देतील. तीनदा देतात. दारातून एकदा, मग इथे मध्ये येऊन एकदा, मग जिन्याकडे तोंड करून. खाली कुणी चहाला गेलं असेल तर ऐकू जावं म्हणून. तीनदा देऊनही उठलं नाही कुणी, तर तो पेपर गठ्ठ्यात सर्वांत खाली जातो.

ही दुसरी.

बाईंना शोधू नका, इथे नाहीयेत त्या. हो, हॉलमध्ये मांजर एकच आहे हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. बँकेत आहात का तुम्ही? नाही, सहज विचारलं. — ही तिसरी. जिन्याकडे तोंड करून, बघितलंत? आता पुढचा पेपर. हा कुत्रा गेला आत. आता आम्ही खाली. तुमचा पेपर आत्ताच गेलाय, तो आमच्याही खाली लागेल, चार-पाच जणांनंतर, काळजी करू नका, कासवाला घाई नसते. काय होतंय त्याला, कवच मऊ पडलंय? उन्हात ठेवत जा. ते जगेल हो, ते आपल्या दोघांनंतरही असेल, त्याच्या वारसाची सोय करून ठेवा.

दुर्गा माझी मिसेस. दोन वर्षं झाली जाऊन.

नाही, नाही, सॉरी कशाला, तुम्हाला काय माहीत. बसा. सांगतो ना. यात लपवण्यासारखं — आहे थोडं. केसपेपर अठरा वर्षांपूर्वी तिनं काढला. मालकाचं नाव, दुर्गा अजित राऊळ. ती दर वर्षी याला घेऊन यायची, इंजेक्शनाला. मी कधी आलो नाही. शाळा असायची, आणि मी विरोधात होतो ना, तत्त्वाचा प्रश्न. ती म्हणायची, खऱ्या दुर्गेला वाघ मिळाला, लालबागच्या दुर्गेला हा, आणि मास्तर त्याचाही हिशेब ठेवणार. तर ती गेल्यावर याचं इंजेक्शन आलं आणि पहिल्यांदा मी घेऊन आलो. या इथेच बसलो होतो, या बाकावर. आणि शामराव दारात आले आणि म्हणाले, दुर्गा राऊळ, मांजर.

तोपर्यंत तिचं नाव घेऊन कुणी तिला बोलावलं नव्हतं, सहा महिन्यांत. नाव घेत होते सगळे, पण तिच्याबद्दल. बिचारी दुर्गा. दुर्गा असती तर. हाक कुणी मारली नव्हती. कशाला मारतील? आणि हे गृहस्थ अशी खणखणीत हाक मारतात, जशी काही ती खाली चहा पिऊन येतेच आहे. मी उभा राहिलो आणि काय म्हणालो, सांगू? हजर. एकतीस वर्षं हजेरी घेतोय मी, दुसरं काय येणार तोंडात. सगळा हॉल बघतोय.

आत डॉक्टरबाईंना मी सांगितलं, की या बाई आता नाहीत. बाहेर आलो तर शामराव पेपर घेऊन उभे. म्हणाले, सर, नाव बदलायचं का, तुमचं घालू? मी म्हटलं, राहू दे सध्या. बरं म्हणाले. तेव्हापासून, माझा भास असेल, पण ते जरा जास्त मोठ्यानं म्हणतात.

मग सायबाच्या तब्येतीची मी फार काळजी घ्यायला लागलो. नखं बघायला आणला. कान साफ करायला आणला. एकदा शिंकला म्हणून आणला. डॉक्टर म्हणाल्या, सर, मांजरं शिंकतात. वर्षातून एकदा येणारं मांजर महिन्यातून दोनदा यायला लागलं. चाळीत माझं केवढं कौतुक — बायकोच्या मागे मांजराचं किती करतो. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो. आणि गेल्या पावसाळ्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं, की पहिल्या हाकेला उठलं नाही तर तीन हाका मिळतात.

असं बघू नका माझ्याकडे. माहीत आहे मला. माझ्या वर्गात एखाद्या पोरानं हजेरीला असा प्रकार केला असता तर मी त्याच्या वडलांना बोलावलं असतं.

त्याला दुखतंय का? डॉक्टर म्हणतात, मांजरं दाखवत नाहीत. मागच्या महिन्यापासून घरीच सलाईन देतोय, कातडीखाली. कॅलेंडरच्या खिळ्याला बाटली टांगायची. पहिल्या दिवशी अर्धी बाटली माझ्या लुंगीत गेली. दुसऱ्या दिवशी सुई माझ्या अंगठ्यात, तेव्हा हा वर मान करून बघत होता, बराच वेळ, जुना सायब बघायचा तसा. आता जमतं. आता तो हलतच नाही, म्हणून जमतं. पाठीचं हाड हाताला लागतं — हे बघा, या कापडाखाली — नको, राहू दे. हे कापड आमच्या विज्ञान प्रदर्शनाचं, ‘चला प्रयोग करूया’, अक्षरं आतल्या बाजूला केलीत मी.

मागच्या शुक्रवारी डॉक्टरांनी खुर्चीवर बसवून सांगितलं. सर, आता आपण लांबवतोय. झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं, त्याला कळणारही नाही. एक फॉर्म दिला. घरी न्या, वाचा, सही करून घेऊन या, मी सोमवारी दिवसभर आहे. हा, खिशात आहे. आज सोमवार. मुलगी बंगलोरला असते, आकांक्षा, तिला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, बाबा, तुम्ही त्याच्यासाठी थांबलाय की स्वतःसाठी? हल्लीची मुलं थेट विचारतात. मी म्हटलं, आवाज तुटतोय तुझा. अगदी स्वच्छ येत होता.

आता तुम्हाला वाटेल, सही करायला काय लागतं. पण मी शब्द देऊन बसलोय ना. कुणाला, ते सांगायला मला जरा लाज वाटते. कावळ्याला.

हसा, हसा तुम्ही. बाणगंगेला, दहाव्याला. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दहा-बारा कावळे बसलेत भिंतीवर, एक खाली उतरायला तयार नाही. मी उन्हात उभा, आणि मनात म्हणतोय, यांना शेजारच्यांच्या पिंडाचं झालंय, पोट भरलेलं आहे, वाट बघा, भूक लागेल. पण आमचे लोक सुरू झाले. हिचा भाऊ अभय हात जोडून, दुर्गे, भावोजींच्या जेवणाचं आम्ही बघू. नाही आला. मावशी म्हणाल्या, आकांक्षाचं लग्न थाटात करू. आकांक्षा शेजारीच उभी, तिच्या तोंडाकडे बघवेना, कावळ्याच्याही नसेल बघवलं. पाऊण तास गेला, तास गेला, गुरुजी घड्याळ बघतायत. कुणीतरी म्हणालं, काहीतरी अडकलंय तिचं. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला माहीत होतं काय अडकलंय. मला एकट्याला माहीत होतं. हॉस्पिटलात तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली होती, सायबाला एकदा आणा हो. मी म्हटलं, अगं वॉर्डात मांजर कसं आणणार, नियम असतात. तर म्हणाली, पिशवीतून आणा, कोण बघतंय, सिस्टर चांगली आहे. मी म्हटलं, बघू. मग म्हटलं, घरी आल्यावर बघशीलच की. तर बरं म्हणाली. तिथेच मला कळायला हवं होतं. चोवीस वर्षांच्या संसारात ती माझ्या एकाही मुद्द्याला पहिल्या झटक्यात बरं म्हणाली नव्हती.

टॅक्सीनं वीस मिनिटांचा रस्ता हो. हीच टोपली होती घरात.

तर मी पुढे झालो. हळू म्हणालो, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, अंधश्रद्धेवर दर वर्षी शाळेत माझंच भाषण असतं. म्हटलं, सायबाला मी शेवटपर्यंत सांभाळीन. आणि कावळा आला. सरळ आला, पिंडाला चोच लावली, सगळ्यांनी सुटलो म्हणून श्वास सोडला. अभय गाडीत मला विचारतो, भावोजी, कुठले साहेब? त्याला वाटलं दुर्गाच्या पोस्टमास्तरांना मी पोसणार आहे. साडेबारा वाजले होते, कावळ्याला भूक लागली होती, बाकी त्यात काही नाही. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं, आताही सांगतो. पण शब्द गेला ना तोंडातून. शेवटपर्यंत. आता शेवट म्हणजे कुठला, तो येईल तो, की मी इथे तारीख घालून सही करीन तो? हे त्या वेळी कुणी स्पष्ट करून घेतलं नाही. कावळ्यानंही नाही.

आणि समजा केली सही. तर या फॉर्मवर वरच छापलंय, मालकाचं नाव. खाली, मालकाची सही. मालक हयात नसल्यास तसं लिहून, नातं लिहून, मग सही. म्हणजे ते मला माझ्या अक्षरात लिहावं लागणार. वर्गात एखादं पोर शाळा सोडून गेलं की मी त्याच दिवशी लाल शाईनं नाव खोडतो. पट्टी लावून. चाळीस वर्षांनीही बघितलं तरी रेघ सरळ दिसेल. आणि हा गेला की हा केसपेपरही बंद. शामराव कुणाच्या नावानं हाक देणार? मी काय, नुसताच येऊन बसणार या बाकावर?

तसा विचारही करून झाला माझा, तुम्हाला खोटं कशाला सांगू. म्हटलं, एखादं पिल्लू आणावं, आणि मालकाचं नाव तेच सांगावं. मग रात्रभर सायबाकडे बघायची लाज वाटली. मी मांजर जगवतोय की केसपेपर, हे मला आता नक्की सांगता येत नाही. त्याला विचारावं तर त्याला ऐकू येत नाही.

सकाळी नऊला आलोय. नऊ. हो, दोन तास होऊन गेले. तुम्ही यायच्या आधी दोन फेऱ्या झाल्या, मघाशी तिसरी. म्हणजे नऊ हाका. चुकतंय माझं, काही बोलू नका, मला कळतंय. टोपलीतला हा तिन्ही वेळा तसाच पडून. एवढ्यात एकदा डोळे उघडले त्यानं, बघितलंत का? नाही, तुम्ही बादलीकडे बघत होतात. त्याला शामराव ऐकू येत नाहीत, ढोल ऐकू येत नाहीत, पण ते दार उघडलं की त्याला कळतं काहीतरी. नाक हलवतो. तिच्याबरोबर किती वर्षं आलाय इथे. त्याला वाटत असेल —

आलेच शामराव. गठ्ठा संपला का एवढ्यात? — थांबा, बोलू नका क्षणभर.

ही पहिली.

ऐकलंत? राऊळ नाही हो, पहिला शब्द. किती नीट म्हणतात. आमच्या चाळीत सगळे दुर्गी म्हणायचे.

— नको, तुम्ही हात नका वर करू. मी आहे ना. शामराव बघतायत माझ्याकडे, त्यांना माहीत आहे मी कुठे बसलोय. सकाळपासून माहीत आहे त्यांना.

दुसरी.

तुमचंच कासव यानंतर, तयार राहा. बादलीतलं पाणी हिंदकळतंय, झाकण धरा. काय? पेन? आहे हो माझ्याकडे. चार आहेत खिशात, त्यातलं एक लाल. पेनाचा प्रश्न नाही.

जिन्याकडे वळले. तिसरी देतील आता. ती होऊ दे. मग मात्र तुम्ही जा आत, माझ्यासाठी थांबू नका, ताई, आणि आमच्या डॉक्टरबाईंनी विचारलं तर सांगा, राऊळ सर बाहेरच बसलेत, मांजरही आहे.

सही राहिली आहे म्हणावं.